उपवासानं शरीर खरंच 'अल्कलाइन' होतं का? पट्टीचा रंग, पित्त आणि रक्तातलं गणित

सकाळी उपाशीपोटी कोहळ्याचा रस. दुपारी काकडी, पालक आणि आल्याचा हिरवागार ज्यूस. संध्याकाळी नारळपाणी. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, चहा तर नाहीच. सात दिवस एवढं केलं की शरीरातलं सगळं ॲसिड निघून जातं आणि शरीर 'अल्कलाइन' होतं, असं सांगणारी रील्स सध्या अनेकांच्या फीडवर दिसतात. सोबत पुरावाही असतो. पहिल्या दिवशी लघवीत बुडवलेली पट्टी पिवळी-केशरी, सातव्या दिवशी तीच पट्टी हिरवी-निळी.

पट्टीचा रंग खरंच बदलतो, त्यात काही हातचलाखी नाही. प्रश्न आहे तो त्या रंगाचा अर्थ काय लावायचा, हा.

विषय फक्त एका फॅडपुरता असता तर सोडून देता आला असता. पण आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. यातल्या काहींसाठी असा आठवडाभराचा उपवास शरीरातलं ॲसिड कमी करणारा नाही, तर धोकादायक पातळीपर्यंत वाढवणारा ठरू शकतो. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी मूळ दाव्यापासून सुरुवात करावी लागेल.

अल्कलाइन फास्टिंग म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिल्या प्रकारात माणूस उपाशी राहतच नाही. एक-दोन आठवडे फक्त भाज्या, फळं आणि थोडा सुकामेवा खायचा, आणि धान्यं, डाळी, दूध-चीज, अंडी, मांस-मासे, साखर, चहा-कॉफी बंद. जर्मनीत हा प्रकार 'बाझेनफास्टन' या नावानं १९९०च्या दशकापासून लोकप्रिय आहे.

दुसऱ्या प्रकारात जवळपास काहीच खायचं नाही. दिवसभर फक्त रस, किंवा काही ठिकाणी तर नुसतं पाणी.

दोन्हींच्या मागचा तर्क एकच सांगितला जातो. काही पदार्थ शरीर 'ॲसिडिक' करतात, काही 'अल्कलाइन'. ॲसिड साठलं की आजार होतात, म्हणून ते बाहेर काढायचं. ही कल्पना इन्स्टाग्रामपेक्षा खूप जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम हॉवर्ड हे या अमेरिकी डॉक्टरनं साधारण हेच सांगितलं होतं. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ एका जेवणात एकत्र खाऊ नका, असाही त्याचा नियम होता. तो मानायचा तर आपला वरण-भातच बाद होतो.

पदार्थांच्या याद्या आल्या त्या 'राखे'च्या सिद्धांतातून. पदार्थ जाळला की मागे राख उरते, ती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते बघायचं, आणि शरीरातही अन्न तसंच 'जळतं' असं मानायचं. म्हणूनच चवीला आंबट असलेलं लिंबू या यादीत 'अल्कलाइन' ठरतं आणि अजिबात आंबट नसलेला भात 'ॲसिडिक'.

यात थोडं तथ्यही आहे. १९९५ मध्ये थॉमस रेमर आणि फ्रिड्रिश मान्झ या संशोधकांनी कोणता पदार्थ किडनीवर किती ॲसिडचा भार टाकतो, याचं गणित मांडलं. १०० ग्रॅम पार्मेझान चीजचा आकडा आला अधिक ३४, पालकाचा उणे १४ आणि मनुक्यांचा उणे २१. म्हणजे पदार्थांमध्ये फरक असतो. पण हा आकडा किडनीला किती काम पडेल ते सांगतो. रक्त किती ॲसिडिक होईल, ते सांगत नाही. रील्समध्ये नेमकं हेच वाक्य गायब असतं.

पीएच म्हणजे काय?

शेतकऱ्यांना हा शब्द 'सामू' म्हणून ओळखीचा आहे. माती परीक्षणाच्या अहवालात जमिनीचा जो सामू लिहिलेला असतो, तोच पीएच. १९०९ मध्ये कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सॉरेन सॉरेनसन या रसायनशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी आणली. ती ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी म्हणजेच अल्कलाइन. यातली प्रत्येक पायरी दहापटीची असते. पीएच ६ असलेला द्रव ७ पेक्षा दहापट आम्लधर्मी असतो आणि ५ असलेला शंभरपट.

आता शरीराकडे बघू. जठरात पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो. एवढं ॲसिड तिथं लागतंच, त्याशिवाय प्रथिनं नीट पचत नाहीत आणि जंतू मरत नाहीत. त्वचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असते. लघवी ४.५ पासून ८ पर्यंत कुठंही असू शकते. आणि रक्त? त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतो.

त्यामुळे 'शरीराचा पीएच' असा एकच आकडा नसतो. दर अवयवाची गरज वेगळी आहे. आणि रक्त तर मुळातच किंचित अल्कलाइन असतं. पालकाचा ज्यूस पिणाऱ्याचंही असतं आणि वडापाव खाणाऱ्याचंही.

रक्ताचा पीएच कोण सांभाळतं?

लोकल पकडायला जिना धावत चढलात की धाप लागते. त्या मिनिटभरात स्नायूंनी भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार केलेला असतो. तो रक्तात विरघळला की ॲसिड तयार होतं. मेंदूला ते कळतं, श्वास वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं उभं राहिलं की सगळं पूर्ववत. यासाठी कुठलाही डिटॉक्स लागत नाही.

ही व्यवस्था तीन पातळ्यांवर चालते. रक्तात बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं असतात. ती आलेलं ॲसिड लगेच शोषून घेतात. दुसरी पातळी फुफ्फुसांची, तिला काही मिनिटं लागतात. तिसरी किडनीची. ती तास-दिवसांच्या हिशेबानं काम करते, ॲसिड लघवीतून बाहेर टाकते आणि खर्च झालेलं बायकार्बोनेट नव्यानं बनवून रक्तात परत देते.

कुणावर किती भार असतो? फुफ्फुसं दिवसाला साधारण १५ हजार मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. याउलट नेहमीच्या मिश्र आहारातून तयार होणारं आणि किडनीला बाहेर काढावं लागणारं ॲसिड असतं शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १ मिलिमोल. म्हणजे ६० किलोच्या माणसात ६० च्या आसपास. ज्या ॲसिडची एवढी भीती घातली जाते, त्याच्या अडीचशे पट भार फुफ्फुसं आपल्या नकळत रोज उचलतात.

आणखी एक गोष्ट रील्स सांगत नाहीत. रक्त जास्त अल्कलाइन होणं हासुद्धा बिघाडच आहे. खूप घाबरल्यावर माणूस भराभरा श्वास घेऊ लागतो. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा पीएच वर सरकतो. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, हाताची बोटं आखडतात, चक्कर येते. सतत उलट्या झाल्या की जठरातलं ॲसिड निघून जातं, तेव्हाही रक्त अल्कलाइन बाजूला झुकतं. डॉक्टर याला अल्कलोसिस म्हणतात आणि त्यावर उपचार करतात.

मग पट्टीचा रंग का बदलतो?

कारण पट्टी रक्तात बुडवलेली नसते, लघवीत बुडवलेली असते.

घरातला कचरा रोज घंटागाडीत जातो. गाडीत कचरा दिसला म्हणून कुणी घर घाण आहे असं म्हणत नाही. घर स्वच्छ ठेवलं जातंय, म्हणूनच तो गाडीत दिसतोय. लघवीचं तसंच आहे. धान्यं, डाळी, मांस यातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं, त्यातून थोडं ॲसिड तयार होतं आणि किडनी ते लघवीत टाकते. पट्टी पिवळी दिसते. म्हणजे किडनी तिचं काम करतेय.

फक्त भाज्या-फळं खाल्ली की उलटं होतं. त्यातल्या पोटॅशियमसोबत असलेल्या सायट्रेटसारख्या क्षारांचं शरीरात बायकार्बोनेट होतं. लिंबू 'अल्कलाइन' ठरण्याचं कारणही हेच. जास्तीचं बायकार्बोनेट किडनी लघवीतून काढून टाकते आणि पट्टी निळी होते. दोन्ही वेळेला रक्ताचा पीएच त्याच पट्ट्यात असतो. सात दिवसांत बदललं ते गाडीतलं सामान.

रक्ताचा पीएच बघायचा तर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन 'एबीजी' ही तपासणी करावी लागते. ती बहुतेक वेळा आयसीयूमध्ये किंवा अत्यवस्थ रुग्णाची होते. ज्याचा पीएच खरोखर बिघडलेला असतो, तो माणूस त्या वेळी रील बनवण्याच्या परिस्थितीत नसतो.

पूर्ण उपाशी राहिल्यावर काय होतं?

याचं उत्तर जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सशांनी दिलं होतं.

क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बाजारातून ससे आणले गेले. त्यांची लघवी स्वच्छ आणि आम्लधर्मी होती. बेर्नारला नवल वाटलं, कारण गवत खाणाऱ्या प्राण्यांची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते. ससे बराच वेळ उपाशी असावेत, अशी शंका त्याला आली. त्यानं त्यांना गवत दिलं, लघवी गढूळ आणि अल्कलाइन झाली. पुन्हा उपाशी ठेवलं, पुन्हा आम्लधर्मी. मग उकडलेलं मांस खायला घातलं, तेव्हाही आम्लधर्मी. बेर्नारनं निष्कर्ष काढला की उपाशी प्राणी स्वतःच्याच शरीरावर जगतो. त्या अर्थानं उपाशी ससाही मांसाहारीच असतो.

माणसाचंही तेच. यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपत येते. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि यकृत त्यातून 'कीटोन' तयार करतं. यातले दोन मुख्य कीटोन हे स्वतः ॲसिड असतात. नुसत्या पाण्यावरचा उपवास लांबला की रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढत जातं आणि बायकार्बोनेट काहीसं खाली येतं. निरोगी माणसात फुफ्फुसं आणि किडनी हे सांभाळून घेतात, त्यामुळे पीएच फारसा हलत नाही.

म्हणजे दोन प्रकारांचा परिणाम एकमेकांच्या उलट आहे. भाजी-फळांचा आहार किडनीवरचा ॲसिडचा भार कमी करतो, कडक उपवास तो वाढवतो. 'अल्कलाइन' आणि 'फास्टिंग' हे शब्द जोडून एक नाव तयार होतं, पण शरीरात ते एका दिशेनं चालत नाहीत. गंमत म्हणजे एकाच फीडवर एक इन्फ्लुएन्सर कीटोनची पट्टी दाखवून 'फॅट बर्न' सुरू झाल्याचा आनंद साजरा करतो आणि दुसरा पीएचची पट्टी दाखवून ॲसिड गेल्याचा.

एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास या चर्चेत ओढायचं कारण नाही. साबुदाणा, वरई, रताळं, शेंगदाणे खाल्ले की शरीराला साखर मिळत राहते. शिवाय तो उपवास श्रद्धेचा आहे, पीएचचा नाही.

'ॲसिडिटी' म्हणजे शरीरात ॲसिड झालंय?

हा दावा आपल्याकडे इतका पटकन पटतो, त्यामागे भाषेचाही हात आहे. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण म्हणतो, 'मला ॲसिडिटी झालीय' किंवा 'पित्त झालंय'. त्यामुळे कुणी 'तुमचं शरीर ॲसिडिक आहे' म्हटलं की ते लगेच खरं वाटतं. अनुभव तर रोजचाच असतो.

पण ही जळजळ जठरातल्या ॲसिडची आहे. ते जठरात असायलाच हवं. ते अन्ननलिकेत वर आलं किंवा जठराच्या आतल्या अस्तराला इजा झाली की त्रास होतो. रक्ताच्या पीएचशी त्याचा संबंध नाही. ॲसिडिटीनं वर्षानुवर्षं त्रासलेल्या माणसाच्या रक्ताचा पीएचही ७.४ च्या जवळच असतो. उलट बराच वेळ उपाशी राहिल्यानं अनेकांची जळजळ वाढते, हे घरोघरी माहीत आहे.

अल्कलाइन पाण्याचंही हेच. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा लागतो. महागड्या बाटलीतलं ९ पीएचचं पाणी जठरातल्या ॲसिडमध्ये पोहोचलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथंच संपतो. ते रक्तापर्यंत 'अल्कलाइन' म्हणून पोहोचत नाही.

मग लोकांना बरं का वाटतं?

बरं वाटतं, हे खोटं नाही. आठवडाभर फरसाण, मैदा, साखर, दारू आणि जास्तीचं मीठ बंद झालं, भाज्या-फळं आणि पाणी वाढलं, रात्रीचं उशिराचं जेवण थांबलं, तर पोट हलकं वाटणारच. पोटॅशियम वाढून मीठ कमी झालं की रक्तदाबालाही फायदा होतो. वजनही झपाट्यानं उतरतं. मात्र पहिल्या दिवसांत उतरतं ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेसोबत तिच्या साधारण तिप्पट वजनाचं पाणी असतं, साखर वापरली गेली की तेही जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की काटा परत वर.

फायदा खरा असेल तर कारण चुकीचं असल्यानं काय बिघडतं? बिघडतं, कारण पुढचे निर्णय त्या कारणावरून घेतले जातात. भाज्या खाल्ल्यानं बरं वाटलं असं समजलं, तर माणूस रोजच्या जेवणात भाजी वाढवेल. ॲसिड गेल्यामुळे बरं वाटलं असं समजलं, तर तो डाळ, दूध, अंडी कायमची सोडेल. शाकाहारी घरात तर प्रथिनांचा मुख्य आधारच डाळी आणि दूध हा असतो. मग पुढची पायरी म्हणून तो पट्ट्या, पावडरी आणि मशीन विकत घेईल. आणि 'ॲसिड हेच सगळ्या आजारांचं मूळ' हे एकदा पटलं, की औषधं कशाला, हा प्रश्न फार लांब राहत नाही.

ॲसिडिक आहारानं हाडं झिजतात हा दावाही संशोधकांनी तपासला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आहारातल्या ॲसिडमुळे हाडांचा आजार होतो किंवा अल्कलाइन आहार हाडं वाचवतो, याला आधार सापडला नाही.

कॅन्सरचा दावा कुठून आला?

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज अनेकांनी वाचला असेल. 'अल्कलाइन शरीरात कॅन्सर जगू शकत नाही, हे शोधल्याबद्दल ओटो वॉरबर्ग यांना नोबेल मिळालं.'

वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल मिळालं, हे खरं. पण ते पेशींच्या श्वसनात काम करणाऱ्या एन्झाइमच्या शोधासाठी होतं. कॅन्सरच्या पेशी साखर वेगळ्या पद्धतीनं वापरतात आणि त्यातून लॅक्टिक ॲसिड तयार करतात, हे निरीक्षणही त्यांचंच. त्यामुळे गाठीच्या आसपासचा भाग आम्लधर्मी होतो. म्हणजे तिथलं ॲसिड गाठीनं तयार केलेलं असतं आणि आहार बदलून तिथला पीएच बदलता येत नाही. २०१६ मध्ये आहारातलं ॲसिड, अल्कलाइन पाणी आणि कॅन्सर यांच्या संबंधाचा आढावा घेणाऱ्या संशोधकांनी हजारो संदर्भ चाळले. निकषात बसणारा अभ्यास एकच निघाला आणि त्यातही संबंध आढळला नाही.

या दाव्याची किंमत काय असू शकते, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. 'द पीएच मिरॅकल' हे गाजलेलं पुस्तक लिहिणारा रॉबर्ट यंग डॉक्टर नव्हता. तरीही कॅलिफोर्नियात तो गंभीर आजारी लोकांवर 'उपचार' करत होता, काहींना शिरेतून खायच्या सोड्याचं द्रावण दिलं जात होतं. परवान्याशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्याबद्दल २०१६ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१७ मध्ये त्याला ३ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या सल्ल्यावर विसंबून स्तनांच्या कॅन्सरवरचे नेहमीचे उपचार न घेतलेल्या एका महिलेला १०.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल २०१८ मध्ये सॅन दिएगोतल्या ज्युरीनं दिला. तोवर तिचा आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचला होता.

भारतातही हा वाद अलीकडेच झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरमुक्तीचं श्रेय लिंबूपाणी, हळद, कडुनिंब आणि जेवणातल्या मोठ्या अंतराला दिलं. त्यानंतर मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून अशा दाव्यांवर विश्वास ठेवू नका आणि उपचार लांबवू नका, असं आवाहन केलं. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. सिद्धू यांनीही नंतर स्पष्ट केलं की आहार हा उपचारांच्या जोडीला आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानंच होता. मात्र पहिला व्हिडिओ जितका फिरला, तितकं हे स्पष्टीकरण फिरलं नाही.

खरा धोका कुणाला?

*मधुमेह असलेल्यांना.* इन्सुलिन अपुरं पडलं की कीटोन तयार होण्यावरचा लगाम सुटतो आणि रक्त खरोखर ॲसिडिक होतं. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. टाइप १ मधुमेहात हा धोका सर्वाधिक असतो. पण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या घेणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांनाही तो असतो. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात. हृदय आणि किडनीसाठीही त्या उपयोगी आहेत. पण जेवण जवळपास बंद असताना त्या चालू राहिल्या तर कीटोन वाढू शकतात आणि अशा वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेलीही नसते. घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी या दोन्ही गोळ्या थांबवायला सांगतात, तेही याच कारणासाठी. भारतात मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि ही गोळी स्वस्त झाली. म्हणजे ती घेणारे आता वाढत जाणार.

इथंच 'डिटॉक्स'ची भाषा सगळ्यात घातक ठरते. मळमळ, उलटी, पोटदुखी, थकवा, जोरजोरात खोल श्वास ही कीटोॲसिडोसिसची लक्षणं आहेत. तो खोल श्वास म्हणजे फुफ्फुसांनी ॲसिड बाहेर टाकण्यासाठी चालवलेली धडपड असते. रीलमध्ये मात्र सांगितलेलं असतं, 'तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास होईल, घाबरू नका, टॉक्सिन बाहेर पडतायत.' ज्या क्षणी रुग्णालय गाठायचं, त्या क्षणी माणूस आणखी एक ग्लास रस पितो.

*किडनीचा आजार असलेल्यांना.* यांच्या शरीरात ॲसिड खरंच साठू शकतं, कारण ते बाहेर टाकणारा अवयवच थकलेला असतो. डॉक्टर त्यासाठी मोजून सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, काही रुग्णांना फळं-भाज्यांचं प्रमाणही ठरवून देतात. पण नारळपाणी, पालक, टोमॅटो, संत्री यांचे पेलेच्या पेले रिचवले तर पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. अडचण अशी की किडनीचा आजार बराच पुढे जाईपर्यंत जाणवतच नाही. अनेकांना आपण या गटात आहोत हे माहीतच नसतं.

*रसावर राहणाऱ्या निरोगी माणसालाही.* पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. हिरव्या स्मूदींच्या अतिरेकानं किडनीत ऑक्झलेटचे खडे साचून ती निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. दुधीच्या रसाबाबत तर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनंच सावध केलं आहे. रस कडू लागला तर तो पिऊ नये. कडू दुधीतल्या विषारी घटकांमुळे उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही ओढवला आहे. आणि रोज खायचा सोडा पिऊन 'अल्कलाइन' होऊ पाहणारे शरीरात भरमसाट सोडियम घालत असतात.

गरोदर आणि स्तनदा माता, लहान मुलं, वजन कमी असलेले, खाण्यासंबंधीचे मानसिक आजार असलेले आणि कॅन्सरचे उपचार घेणारे यांनी हा प्रयोग करूच नये. केमोथेरपी सुरू असताना शरीराला प्रथिनांची जास्त गरज असते.

कायदा काय म्हणतो?

१९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानुसार मधुमेह, कॅन्सर यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेनं ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता सांगावी, असा नियम केला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही त्याच महिन्यात अशाच सूचना काढल्या. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरही तितकेच जबाबदार असल्याचं म्हटलं. नियम आहेत. पण 'माझा अनुभव' म्हणून टाकलेली रील जाहिरात आहे की गप्पा, हे ठरवणं अवघड जातं आणि पळवाट तिथंच सापडते.

मग करायचं काय?

ताटात भाज्या-फळं वाढवणं, तळलेलं, गोड आणि खारट कमी करणं हा सल्ला चांगलाच आहे. त्यासाठी डाळ-भाकरी सोडायची किंवा पट्टी विकत घ्यायची गरज नाही.

उपवास करायचाच असेल आणि मधुमेह, रक्तदाब, किडनी किंवा हृदयाची औषधं सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका. उपवासादरम्यान उलट्या, पोटदुखी, खूप थकवा किंवा धाप लागली तर उपवास तिथंच थांबवून रुग्णालयात जा, साखर नॉर्मल दिसत असली तरीही. कोणती गोळी घेता आणि किती दिवस उपाशी आहात, हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा.

वारंवार जळजळ होत असेल तर तो जठराचा प्रश्न आहे, त्याची तपासणी करून घ्या. किडनीबद्दल शंका असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं या दोन साध्या तपासण्या पीएचच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. त्या जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये होतात.